साताऱ्यात बंद, सांगलीत सुरू

माझे दोन दाजी. थोरल्या ताईचे यजमान साताऱ्याचे, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. धाकटीचे सांगलीचे, विश्रामबागेत त्यांचं कॉम्प्युटर-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. साडू-साडूंचं पटत नाही असं म्हणतात, यांचं छान पटतं. फक्त बिघडलेली वस्तू मध्ये आली की दोघं दोन टोकांना जाऊन बसतात. थोरल्यांना कारण कळल्याशिवाय वस्तूला हात लावलेला चालत नाही. धाकट्यांचं वस्तू चालू झाली की कारणाशी देणंघेणं संपतं.

मार्गशीर्षात सांगलीला साखरपुडा होता. सातारकर दाजी आहेराच्या पिशवीबरोबर लॅपटॉपची बॅगही घेऊन आले. बरंच जुनं मशीन, आत अडीच इंची साटा हार्डडिस्क, वर उबुंटू लिनक्स. तक्रार एकच : सकाळी बटण दाबल्यावर कधी सुरू होतो, कधी होत नाही. सांगलीत आल्यापासून मात्र एकदाही अडला नव्हता. मांडव सुटल्यावर दोघं दुकानात जाऊन बसले आणि मी मध्ये खुर्ची टाकली. पुढचं संभाषण आठवणीतून लिहिलंय. दोघांनी वाचून आपापली वाक्यं नीट करून घेतली आहेत, तेव्हा कुणावर अन्याय नाही.

सांगलीकर : सर, झाला की चालू! काय बिघडलंय म्हणता याचं?

सातारकर : हेच बिघडलंय. तुमच्यापुढे साळसूद वागतोय. साताऱ्यात सकाळी बटण दाबलं की याचा भरवसा नाही.

सांगलीकर : मग सांगलीतच राहू दे. इथलं पाणी मानवलंय त्याला.

सातारकर : थट्टा नंतर करा. सुरुवात कुठून करायची ते सांगा.

सांगलीकर : बॅकअप आहे?

सातारकर : घ्यायचा आहे. पण आधी बिघाडाचं कारण...

सांगलीकर : कारण गेलं कृष्णेत! सर, 2019च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. पाणी उतरल्यावर या दुकानापुढं चिखलानं भरलेल्या मशीनांची रांग लागली होती. 2021च्या जुलैत परत तेच. एकानं पण मशीनचं काय होईल म्हणून विचारलं नाही. मुलीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचं दप्तर, कुणाचा पीएचडीचा प्रबंध, तेवढं काढून द्या म्हणायचे. तेव्हापासून माझा नियम आहे, गिऱ्हाईक काय पण सांगू दे, पहिला प्रश्न बॅकअपचा. चालू आहे तोवर उचलून घ्यायचं. उद्या उठलंच नाही तर कारण कळून काय लोणचं घालायचंय?

सातारकर : बरं, घेऊ. पण बॅकअप म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीचं काय करणार?

सांगलीकर : जे रोज करतो तेच. बॅटरी काढायची, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला करंट जातो. रॅम काढून तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरवायचा. डिस्क काढून परत बसवायची. कनेक्टरला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावून ब्रश मारायचा. पंख्यातली धूळ. जमलं तर बायोस मूळ सेटिंगला. सगळं करून बटण दाबायचं. चालू झालं की गिऱ्हाइकाला फोन.

सातारकर : आणि यातल्या कशानं चालू झालं?

सांगलीकर : कशानं का होईना! झालं ना?

सातारकर : इथेच तुमचं-माझं बिनसतं. हा मुळात सध्या चालूच आहे. तुम्ही काही केलं नाही, नुसती उदबत्ती ओवाळली तरी चालू होईल. मग उदबत्तीनं दुरुस्त झाला म्हणायचं?

इथे मला थांबून थोरल्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे. कायमचं बंद पडलेलं मशीन सोपं असतं. काहीतरी केलं, सुरू झालं, विषय संपला. अधूनमधून अडणाऱ्या मशीनचं तसं नसतं. ते बहुतेक वेळा सुरू होतंच, त्यामुळे त्याच्यावर केलेला प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. वाया गेलेल्या उपायालाही शाबासकी मिळते, आणि पुढच्या वेळी तोच उपाय छातीठोकपणे दुसऱ्याला सांगितला जातो. लॅपटॉपबद्दलचे निम्मे तोडगे असेच जन्माला आले असावेत असा मला दाट संशय आहे.

सांगलीकर : हे तुमचं कॉलेजातलं झालं. दुकानात माणूस उभा असतो. त्याला तासगावची गाडी पकडायची असते.

सातारकर : त्याची गाडी चुकू नये, मान्य. पण हिशेब तर बघा. समजा मशीन चारांतून एकदा अडतं. तुम्ही ते उघडलं, पुसलं, बसवलं आणि तीनदा चालू करून बघितलं. तिन्ही वेळा झालं. आता समजा तुमच्या पुसण्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. तरी तिन्ही वेळा चालू होण्याची शक्यता किती? पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण. 64पैकी 27, म्हणजे 42 टक्के. दुरुस्ती न होताही जवळजवळ निम्म्या वेळा तुमची परीक्षा पास होणार.

सांगलीकर : मग किती वेळा चालू करून बघायचं?

सातारकर : नुसत्या नशिबानं पास होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आणायची तर अकरा वेळा. आणि रीस्टार्ट मोजायचा नाही. रीस्टार्टमध्ये मशीन गरमच असतं, डिस्कचा वीजपुरवठा बहुतेक वेळा तुटतही नाही. हा अडतो तो रात्रभर थंड पडल्यावर. म्हणजे अकरा सकाळी हव्यात.

सांगलीकर : अकरा सकाळी! सर, अकरा दिवस मशीन ठेवून घेतलं तर गिऱ्हाईक बारावंच घालंल माझं.

सातारकर : म्हणूनच म्हणतो, चालू झालं की नाही याकडे बघूच नका. अडतं तेव्हा नेमकं कुठे अडतं ते बघा.

यानंतर थोरल्या दाजींनी वही काढली. दर सकाळची नोंद : तारीख, किती वाजता, चार्जर लावला होता की नाही, काय दिसलं. धाकट्यांनी ती दोन बोटांत धरून चाळली आणि बाजूला ठेवली. मला मात्र त्या वहीतला एक निष्कर्ष आवडला. बिघाड सुरू झाला तो उबुंटूच्या एका मोठ्या अपडेटनंतर, तेव्हा पहिला संशय अर्थातच नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर. पण लिनक्स जुना कर्नल लगेच पुसून टाकत नाही. सुरुवातीला एस्केप दाबून ग्रबची, म्हणजे लिनक्स उठवणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी आणली की त्यातून मागचा कर्नल निवडता येतो. दाजींनी तसं केलं, आणि एका सकाळी जुन्या कर्नलवरही मशीन अडलं. एवढ्या एका नोंदीनं संशयित निर्दोष सुटला. अपडेट आणि बिघाड पाठोपाठ आले, एवढंच.

सांगलीकर : मला विचाराल तर लिनक्स टाकलंत तिथंच चुकलं. विंडोज मारून देतो, आहे काय नाही काय.

सातारकर : विंडोजची हमी तुम्ही देणार? 19 जुलै 2024 विसरलात? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आली आणि जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीनं उठेनाशी झाली. विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून देत होते.

सांगलीकर : म्हणजे लिनक्स धुतल्या तांदळाचं?

सातारकर : मुळीच नाही. लिनक्सचाच एक किस्सा सांगतो. 2019च्या सप्टेंबरात 5.3 नंबरचा कर्नल बाहेर पडायच्या बेतात होता. फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये कुणीतरी चांगली सुधारणा केली होती : डिस्कवरचं वाचन जरा मोठ्या घासानं करायचं, म्हणजे डिस्ककडे हेलपाटे कमी. झालं काय, तर एका प्रोग्रॅमरचा लॅपटॉप लॉगिनचा पडदा यायच्या आधीच अडून बसायला लागला.

सांगलीकर : वाचन सुधारलं म्हणून?

सातारकर : हो. कर्नलला सुरुवातीला यदृच्छ आकडे लागतात, सुरक्षेच्या कामासाठी. ते तो डिस्क, कीबोर्ड, माउस यांच्याकडून वेळीअवेळी येणाऱ्या इशाऱ्यांतून गोळा करतो. डिस्कचे हेलपाटे कमी झाले, तसे इशारेही कमी झाले. लॉगिनचा प्रोग्रॅम आकडे मागत बसला आणि कर्नल म्हणाला, थांब, अजून पुरेसे जमले नाहीत. वापरणारा पडदा येण्याची वाट बघत हात बांधून बसलेला, म्हणून कीबोर्डकडूनही काही येत नाही.

सांगलीकर : म्हणजे कीबोर्ड बडवला असता तर चालू झालं असतं?

सातारकर : बहुधा झालं असतं.

सांगलीकर : ऐका! आमची गिऱ्हाइकं तेच करतात, आणि आम्ही त्यांना येड्यात काढतो.

सातारकर : लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स यानं ती सुधारणा तात्पुरती मागे घेतली आणि पुढच्या 5.4 कर्नलमध्ये आकडे जमवायची वेगळी सोय केली. आता विचार करा, तुम्ही त्या लॅपटॉपची रॅम पुसली असती, डिस्क बदलली असती, अगदी बोर्ड बदलला असता. कधी चालू झाला असता, कधी नसता. हाताला कधीच सापडला नसता तो बिघाड.

सांगलीकर : आणि माझ्या हातातला बिघाड तुमच्या वाचण्यात सापडला नसता. सांगा, तुमचा कॉम्प्युटर स्वतः लिहून ठेवतो ना सगळं? काय लिहिलंय त्यानं अडलेल्या दिवशी?

सातारकर : काहीच नाही.

सांगलीकर : बघा!

सातारकर : काहीच नाही, हेच तर महत्त्वाचं. जर्नल मशीनच्या प्रत्येक सुरुवातीची यादी देतं. माझ्या वहीतल्या अडलेल्या सकाळी त्या यादीत नाहीतच. आता क्रम बघा. बटण दाबलं की आधी बोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ते डिस्कवरून ग्रब उचलतं. ग्रब कर्नल आणि त्याच्याबरोबरची छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत आणतो. कर्नल डिस्क शोधतो, मुख्य विभाग जोडतो, मग सिस्टमडी एकेक सेवा चालू करतो, शेवटी लॉगिन. जर्नलला डिस्कवर लिहायला मुख्य विभाग जोडला जावा लागतो. नोंद नाही, म्हणजे गाडी त्याच्या आधीच कुठेतरी अडली. डेस्कटॉप, ग्राफिक्सच्या पुढच्या भानगडी, नेटवर्क, जोडायच्या डिस्कांच्या यादीत, एफएसटॅबमध्ये, चुकून राहिलेली बाहेरची डिस्क, ज्यापायी सिस्टमडी दीड मिनिट वाट बघत बसतो, हे सगळं एका फटक्यात कटाप. अर्धं घर झाडून झालं, पेचकस न लावता.

सांगलीकर : उरलेलं अर्धं?

सातारकर : त्यासाठी ग्रबच्या ओळीतले 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द काढले. उबुंटूचं चित्र जातं आणि मागे चाललेला मजकूर दिसतो. पुढच्या खेपेला अडला तेव्हा शेवटच्या ओळी मिळाल्या : मुख्य डिस्कची वाट बघून सोडून दिली, या नावाची डिस्क अस्तित्वात नाही. खाली 'इनिटरॅमएफएस' एवढा शब्द आणि लुकलुकणारी खूण. तिथे साध्या कमांड चालतात. विचारलं, कुठल्या डिस्क दिसतायत? यादी रिकामी. चहा करून आलो, परत विचारलं. रिकामीच. डिस्क उशिरा उठत असती तर तोवर दिसली असती; मग कर्नलला थोडं थांबायला सांगून भागलं असतं. दिसतच नाही म्हणजे एक तर कर्नलला डिस्कशी बोलता येत नाही किंवा डिस्क तिथे नाहीच. या दोहोंत निवाडा कसा करायचा, तिथे अडलोय.

याच वेळी थोरली ताई चहा घेऊन आली, आणि तिनं दोघांच्याही आधी निवाडा केला.

ताई म्हणाली, ''मी यांना सांगितलं होतं. एकदा हे फिरायला गेले होते तेव्हा मी चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्यात इंग्रजी एकच ओळ आली. नो बूटेबल डिव्हाइस. हे म्हणाले, तू काहीतरी वेगळं बटण दाबलं असशील, आणि वहीत लिहिलं नाही.''

थोरल्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. धाकटे खुर्चीत पुढे सरकले.

सांगलीकर : ताई, नक्की हीच ओळ?

''वाचता येतं मला.''

सांगलीकर : मिटलं! सर, ती ओळ बायोसची. तिथं लिनक्स अजून जन्माला यायचंय. बायोसलाच डिस्क दिसली नाही. त्याला काय कळतंय आत उबुंटू आहे का विंडोज? तुमचा कर्नल सुटला, ग्रब सुटला, सगळे सुटले. डिस्क, नाहीतर तिची केबल, नाहीतर बोर्डवरचा सॉकेट.

सातारकर : आणि मला दिसलं ते वेगळं होतं. त्यात ग्रब आला, म्हणजे फर्मवेअरला डिस्क दिसली, मग पुढे कर्नलला दिसेनाशी झाली. मी दोन वेगळे बिघाड धरून बसलो होतो. एकच आहे. कधी पहिल्या पायरीवर पाय निसटतो, कधी तिसऱ्या.

ताईनं पाहिलेली ओळ वहीत असती तर हा लॅपटॉप सांगलीला येईपर्यंत प्रश्न निम्मा सुटला असता. साक्षीदाराला आधी खोटं पाडून मग पुरावा शोधायचा, ही शिकलेल्या माणसांची जुनी खोड आहे. काळ्या पडद्यावरची ती एक ओळ मोबाइलवर टिपून ठेवा, एवढं जरी कुणी घराघरांत सांगितलं तरी दुरुस्तीवाल्यांचे कितीतरी तास वाचतील.

सांगलीकर : आता माझं ऐका. पेन ड्राइव्हवरून मशीन उठवू. आतल्या डिस्कवर लिहायचं नाही, नुसतं वाचून सगळं बाहेर काढायचं. जेवणं होईपर्यंत कॉपी होईल. मग बोलू.

पेन ड्राइव्ह धाकटीच्या मुलानं आणला. तो वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. 1947 साली सुरू झालेल्या त्या कॉलेजात पोरांचा आपला लिनक्स युजर्स ग्रुप आहे. नव्या मुलांना लिनक्स शिकवायला ते कार्यशाळा घेतात. पोरानं आल्या आल्या सुचवलं, बाबा, आधी डिस्कचं स्मार्ट वाचा. स्मार्ट म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. स्मार्टसीटीएल ही कमांड ती बाहेर काढते.

पडद्यावर आकड्यांचा तक्ता आला. थोरल्यांनी चष्मा वर सरकवला. त्या तक्त्यात पाहायच्या ओळी तीनच. पाचवा गुण म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, 197वा म्हणजे संशयास्पद जागा, ज्यांचा निकाल अजून लागायचाय. हे दोन्ही शून्य होते, तबकडी ठणठणीत. 199वा गुण मात्र चांगला फुगलेला होता. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या प्रवासात मजकूर खराब होऊन पोचला तर तपासणीचा आकडा जुळत नाही, आणि तशी प्रत्येक चूक तिथे मोजली जाते. तबकडी चांगली आणि 199 वाढलेला, म्हणजे बहुतेक वेळा रस्ता खराब : केबल किंवा कनेक्टर.

सांगलीकर : हे आधी बघितलं असतंत तर वही कशाला लागली असती?

सातारकर : वही होती म्हणून बघायचं कळलं.

बघायचं कळलं ते पोरामुळे, हे दोघांनीही म्हटलं नाही.

सातारकर : पण थंडीतच का? आणि सकाळीच का?

सांगलीकर : आलं परत कारण!

सातारकर : तुम्हाला नको असेल, मला हवंय. या लॅपटॉपात डिस्क थेट बोर्डवर बसत नाही, मध्ये पातळ चपटी केबल आहे. तिच्या टोकाला संपर्क कच्चा झाला की तिथे रोध वाढतो. डिस्कची मोटर थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागते तेव्हा ती सगळ्यात जास्त प्रवाह ओढते. प्रवाह जास्त, रोध जास्त, म्हणजे तितकं व्होल्टेज सांध्यातच खर्ची पडतं आणि डिस्कला कमी मिळतं. त्यात डिसेंबरच्या साताऱ्यातली पहाट. गारठ्यानं धातू आणि प्लॅस्टिक आपापल्या परीनं आकसतं, कच्चा संपर्क आणखी कच्चा होतो. एकदा उठला की ऊब धरतो, दिवसभर नीट चालतो. सांगलीत तुम्ही भर दुपारी चालू करून बघता, तेही बॅगेत हिंदकळत आलेला. हिंदकळण्यानं केबल क्षणभर नीट बसतही असेल. म्हणून इथे साळसूद.

सांगलीकर : हे मात्र पटलं. पुराच्या वेळचं सांगतो. बुडालेली मशीनं लगेच गेली, त्यांचं सोडा. माळ्यावर ठेवलेली, पाण्याचा थेंब न लागलेली, ती दिवाळीनंतर एकेक करून यायला लागली. सगळ्यांची हीच रड, कधी चालू कधी बंद. उघडलं की कनेक्टरच्या पायांवर हिरवट बुरा. महिनाभर घरात दमट हवा कोंडलेली, ती काय करणार दुसरं? तेव्हा मला कुणी रोध-बिध सांगितला नाही. हिरवं दिसलं की ब्रश मारायचा, एवढंच.

सातारकर : तुम्हाला कारण माहीत होतं की मग.

सांगलीकर : मला हिरवं दिसत होतं.

सातारकर : मग आता सिद्ध कसं करायचं? रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी...

सांगलीकर : अजिबात नाही! बाहेर काढल्या काढल्या आत दव धरतं. चालू केलं तर बोर्डच जाईल. सिद्ध करायचंय ना, थांबा.

कॉपी पूर्ण झाली होती. धाकट्यांनी ती दुसऱ्या मशीनवर उघडून दोन-चार फाइली बघितल्या, मगच पुढचं काम. पेन ड्राइव्हवरून उठलेल्या उबुंटूत त्यांनी मुलाला कर्नलचे संदेश चालू ठेवायला सांगितले. एका खिडकीत ओळी जशा येतील तशा दिसत राहतात. दुसऱ्या खिडकीत डिस्क सलग वाचायला लावली. लॅपटॉप टेबलाच्या कडेला असा सरकवला की डिस्ककडची बाजू बाहेर राहील. खालून चार बोटांचा आधार दिला आणि वरून तळहात टेकतो त्या जागी अंगठा ठेवून हळूहळू दाब दिला.

काही नाही. अंगठा बोटभर डावीकडे. काही नाही. आणखी थोडा कोपऱ्याकडे, आणि खिडकीत ओळी धडाधड कोसळायला लागल्या. एक्सेप्शन. लिंक डाउन. हार्ड रीसेटिंग लिंक. अंगठा उचलला, ओळी थांबल्या, डिस्क परत बोलायला लागली. परत दाबला, परत कोसळल्या. मुलानं स्मार्ट पुन्हा वाचलं. 199वा आकडा वाढला होता.

थोरल्या दाजींचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. साताऱ्यात कित्येक सकाळी ज्याची वाट बघितली तो बिघाड सांगलीत अंगठ्याखाली हुकमी येत-जात होता. माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत शास्त्रीय काम हे होतं, आणि ते कारणाची पर्वा नसलेल्या माणसानं केलं. वाट बघत नोंद ठेवणं ठीक, पण मागू तेव्हा बिघाड हजर करता आला तर अकरा सकाळींचा हिशेबच लागत नाही. फक्त कुठे दाबायचं ते ठाऊक हवं, आणि ते वहीशिवाय, ताईच्या ओळीशिवाय, त्या तक्त्याशिवाय ठाऊक झालं नसतं. नाहीतर धाकटे आधी रॅमलाच खोडरबर लावणार होते.

पुढचं काम किरकोळ. मागचं झाकण उघडलं, केबल काढली. वळणावर ती चुरगळल्यासारखी झाली होती, टोकाच्या दोन पट्ट्या काळवंडल्या होत्या. हिरवं मात्र कुठेच नव्हतं, हे धाकट्यांनीच आधी कबूल केलं. त्याच मॉडेलचं एक मशीन भंगारात पडलं होतं, त्याची केबल बसली. पुन्हा अंगठा. ओळी आल्या नाहीत. 199वा आकडा जागचा हलला नाही. तो आकडा कमी कधी होत नसतो, पण वाढायचा थांबला तर रस्ता सुधारला. आणि सोय अशी की हे कळायला मशीन अडायची वाट बघावी लागत नाही. चांगल्या सकाळीही तो आकडा बघता येतो.

सांगलीकर : डिस्क बाहेर आलीच आहे, तर एसएसडी टाकून देतो. मोटर नाही, फिरणं नाही, तुमचं ते प्रवाह ओढणं पण नाही. सांगलीत बटण दाबलं तर कऱ्हाडच्या आत उठेल.

सातारकर : नको. एका वेळी एकच बदल. केबल आणि डिस्क दोन्ही बदललं तर गुण कशाचा म्हणायचं?

सांगलीकर : सर, तुम्हाला लॅपटॉप वापरायचाय का त्याच्यावर पेपर लिहायचाय?

मी असतो तर एसएसडी टाकून घेतली असती, तसं बोललोही. कुणी लक्ष दिलं नाही.

सातारकर : एक विनंती आहे. ती जुनी केबल मला द्या.

सांगलीकर : कशाला?

सातारकर : नवी घालून अकरा सकाळी बघतो. नीट चालला की जुनी परत घालतो. पुन्हा अडायला लागला, तर सिद्ध झालं.

सांगलीकर : सिद्ध व्हायचं काय राहिलंय? अंगठा दाबून दाखवला की तुमच्या डोळ्यांसमोर!

सातारकर : अंगठ्यानं आला तो बिघाड आणि सकाळी येतो तो बिघाड एकच आहेत, हे कुठे दाखवलंत?

सांगलीकर माझ्याकडे बघून म्हणाले, ''पाव्हणं, ऐकताय न्हवं?'' मग त्यांनी केबल कचऱ्याच्या डब्यातून काढली, टिश्यूत गुंडाळली आणि स्वतःच्याच खिशात ठेवली.

सांगलीकर : देतो. पण आधी बॅकअपच्या दोन प्रती होऊ देत. एक साताऱ्यात, दुसरी इथं सांगलीत माझ्याकडं. दुसरी कॉपी संपली की केबल तुमची.

सातारकर : आणि तुमच्याकडे पूर आला म्हणजे?

सांगलीकर : म्हणून तर दोन म्हटलं.

मुलगा दुसरी डिस्क आणायला आत गेला.